पन्नाशीत पुन्हा रॅकेट : नवशिके होऊनच परत या

दिवाळी आटोपून थंडी पडू लागली, की आपल्याकडे बॅडमिंटनचा हंगाम सुरू होतो. कॉलनीच्या मोकळ्या जागेत चुन्याचे पट्टे ओढले जातात, दोन बांबूंना नेट बांधले जाते आणि रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली शटल उडत राहते. क्लबांत, जिमखान्यांत आणि क्रीडा संकुलाच्या हॉलमध्ये नव्या सभासदांची नोंदणी होते. या नव्या सभासदांत एक वर्ग चटकन ओळखू येतो. वय पंचेचाळीस ते साठ. कॉलेजात असताना बऱ्यापैकी खेळलेला. पुढे नोकरी, लग्न, बदल्या, मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते यांत रॅकेट माळ्यावर गेली ती गेलीच. आता मुले मार्गाला लागली आहेत, पोट थोडे सुटले आहे, तपासणीत साखर किंवा रक्तदाब काठावर आला आहे आणि डॉक्टरांनी ‘व्यायाम करा’ असे बजावले आहे. रोज नुसते चालण्याचा कंटाळा येतो. मग आठवते ती जुनी रॅकेट.

या पिढीला बॅडमिंटनची ओढ वाटावी यात नवल नाही. ज्या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीत घडले आणि जो एकेकाळी ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई, तो हा खेळ. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६मध्ये क्वालालंपूरला स्पर्धा जिंकली आणि परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९८०मध्ये प्रकाश पदुकोण यांनी ऑल इंग्लंड जिंकली, तेव्हा आज पन्नाशी-साठीत असलेली मंडळी शाळा-कॉलेजात होती. त्या दिवसांत हाती धरलेली रॅकेट सहजासहजी विसरत नाही.

ही इच्छा चांगली आहे, आणि तिला वैद्यकशास्त्राचाही पाठिंबा आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात सुमारे साडेआठ हजार लोकांचा पंचवीस वर्षांपर्यंत पाठपुरावा करण्यात आला. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, कोणताही व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे आयुर्मान ६.२ वर्षांनी अधिक आढळले. जॉगिंग करणाऱ्यांत हाच फरक ३.२ वर्षे होता. अशा पाहणीवरून ‘खेळल्यामुळेच आयुष्य वाढले’ असे ठामपणे म्हणता येत नाही. जे खेळतात ते मुळातच अधिक सुदृढ आणि सुस्थितीतले असण्याची शक्यता असते. तरीही शरीराची हालचाल, चपळाई आणि चार माणसांची सोबत हे तिन्ही एकत्र देणारा खेळ प्रकृतीला हितकारक आहे, याबद्दल दुमत नाही.

असे असूनही याच थंडीच्या दिवसांत टाच धरून लंगडत येणारे, सुजलेला गुडघा दाखवणारे, कोपर दुखते म्हणून चहाचा कपही उचलता न येणारे रुग्ण दवाखान्यात वाढतात. क्वचित एखादा कोर्टावरून थेट अतिदक्षता विभागात जातो. यांतले बहुतेक जण कधीही न खेळलेले नसतात. ते पूर्वी खेळलेले आणि मोठ्या खंडानंतर परत आलेले असतात. म्हणूनच माझे स्पष्ट मत आहे, की परत येणाऱ्याने आपल्या जुन्या खेळाचा आधार घेऊ नये. वीस-पंचवीस वर्षांनी रॅकेट हाती घेणाऱ्याने स्वतःला पूर्णपणे नवशिका समजावे, आणि तपासणी, तयारी, बूट, शिकवणी, रॅकेट व शेवटी गेम या क्रमाने यावे. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो.

हाताला आठवते, टाचेला नाही

सायकल एकदा आली की विसरत नाही, असे आपण म्हणतो. ते खरे आहे. हालचालींची सवय लहान मेंदू आणि मेंदूच्या इतर काही भागांत इतकी पक्की रुजते, की वर्षानुवर्षांच्या खंडानंतरही ती बरीचशी शिल्लक राहते. त्यामुळे पन्नाशीतला जुना खेळाडू पहिल्याच दिवशी शटल बरोबर ओळखतो. समोरच्याने ड्रॉप टाकला हे त्याला दिसते आणि तो क्षणार्धात पुढे झेपावतो.

आता याच्या शेजारी खरा नवशिका उभा करा. त्याला तो ड्रॉप कळतच नाही. शटल पडल्यावर तो जागचा हलतो आणि हसून उचलून देतो. त्याचे अज्ञानच त्याला सांभाळते. जुन्या खेळाडूचा मेंदू मात्र विसाव्या वर्षीचा हुकूम सोडतो आणि तो पाळायला पन्नाशीची पोटरी, टाच आणि गुडघा हजर असतात. खुर्चीत बसून काढलेल्या वर्षांत मांडीचे व पोटरीचे स्नायू रोडावलेले असतात, कंडरांची लवचीकता कमी झालेली असते आणि वजन दहा-पंधरा किलोंनी वाढलेले असते. तिशीनंतर व्यायाम नसेल, तर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे ज्या धावेला पूर्वी दमही लागत नव्हता, तीच धाव आता शरीराला जवळजवळ शेवटच्या टोकापर्यंत नेते.

टाचेमागची जाड कंडरा, जिला डॉक्टर ऍकिलीस टेंडन म्हणतात, तिची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी ही शरीरातली सर्वांत जाड कंडरा. परंतु टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात तिचा रक्तपुरवठा तोकडा असतो, आणि ती तुटते ती बहुधा तिथेच. मागे सरकता सरकता एकदम पुढे झेप घेतली, की ताणलेल्या पोटरीवर सारे वजन येते आणि कंडरा तटकन जाते. तीस ते पन्नास या वयातले, आठवड्यातून एखाद्या वेळी खेळणारे पुरुष यात सर्वाधिक सापडतात. गंमत म्हणजे अनेकांना वाटते, मागून कुणीतरी लाथ मारली. ते वळून पाहतात, तर मागे कुणीच नसते. दुखणे कधी कधी फारसे नसते, माणूस लंगडत घरी चालत जातो आणि ‘मुरगळले असेल’ म्हणून तेल चोळत बसतो. तसे मुळीच करू नये. पालथे झोपून पाय पलंगाबाहेर सोडावा आणि दुसऱ्याने पोटरी दाबावी. निरोगी पायाचे पाऊल दाबल्याबरोबर खाली वळते. पाऊल हलले नाही, तर कंडरा तुटल्याची दाट शंका घेऊन त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. वेळेवर उपचार झाले तर शस्त्रक्रियेने किंवा प्लास्टर-बुटाने ती जुळते, पण पूर्ववत चालायला महिने लागतात.

यातच एक गोष्ट औषधांविषयी. लघवीच्या संसर्गासाठी आणि जुलाबांसाठी आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची प्रतिजैविके सर्रास दिली जातात, आणि पुष्कळजण ती दुकानातून परस्पर आणून घेतातही. या गोळ्यांनी कंडरा दुखावण्याचा व तुटण्याचा धोका वाढतो. साठीपुढील आणि स्टेरॉइड घेणारे यांना तो अधिक असतो, आणि गोळ्या संपल्यानंतरही काही काळ टिकतो. असा कोर्स चालू असेल किंवा नुकताच झाला असेल, तर कोर्टावर उतरू नये आणि टाच दुखू लागल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे.

आधी तपासणी, मग तयारी

खेळ सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कार्डिओग्राम इतके तरी व्हावे. छातीत जडपणा, जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल, किंवा तुम्ही धूम्रपान करत असाल, तर पुढे ट्रेडमिलची चाचणी लागेल का हे डॉक्टर ठरवतील. एक मात्र ध्यानात ठेवा. साधा कार्डिओग्राम चांगला आला म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या साफ आहेत असे नव्हे. विश्रांतीच्या वेळी काढलेली ती नोंद असते.

सवय नसलेल्या माणसाने एकाएकी जोराचे श्रम केले, तर त्या वेळेपुरता हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. नियमित व्यायाम करणाऱ्यात ही वाढ फार कमी असते. म्हणून मी म्हणतो, की प्रकृती सुधारण्यासाठी एकदम खेळू नका, खेळता यावे म्हणून आधी प्रकृती सुधारा. त्यासाठी सहा आठवडे पुरतात.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चाला. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग ठेवा. सोबत भिंतीला हात टेकून चवड्यांवर उभे राहणे आणि सावकाश खाली येणे, पंधरा-पंधरा वेळा तीनदा. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, दहा-दहा वेळा तीनदा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चालण्यात मधूनमधून मिनिटभर हलके पळणे घाला, एका पायावर तोल सांभाळून उभे राहा आणि रिकाम्या जागेत पुढे, मागे, आडवे पाऊल टाकण्याचा सराव करा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात आठवड्यातून दोन दिवस कोर्टावर जा, पण वीस-तीस मिनिटे नुसते शटल मारत राहा. गुण मोजायचे नाहीत. गुण मोजायला लागले, की माणूस शहाणपण विसरतो. त्यानंतर डबल्स सुरू करा. सिंगल्स आणि उडी मारून स्मॅश यांना तीन महिन्यांआधी हात लावू नका.

रोज कोर्टावर उतरताच पहिली दहा मिनिटे अंग गरम करण्यात घालवा. पहाटेच्या थंडीत रक्तवाहिन्या आकसतात व रक्तदाब वाढतो, त्यामुळे हे अधिकच जरुरीचे. भरल्या पोटी खेळू नका. ताप असताना आणि ताप उतरल्यावर चार दिवसही खेळू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, सोबत्यांना सांगून ठेवावे आणि खेळून आल्यावर रोज पायांचे तळवे पाहावेत. पाय बधिर असतील तर फोड आलेला कळत नाही. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, म्हणून नाडी मोजून श्रमांचा अंदाज घेऊ नये.

बूट आधी, रॅकेट नंतर

आपल्याकडे पैसा पहिल्यांदा रॅकेटवर खर्च होतो. चॅम्पियन वापरतो तीच रॅकेट हवी असते, आणि पायात मात्र सकाळी फिरायचे बूट असतात. हे मला सर्वांत खटकते. फिरण्याच्या किंवा धावण्याच्या बुटांची टाच जाड व उंच असते, कारण ते सरळ पुढे जाण्यासाठी घडवलेले असतात. बॅडमिंटनमध्ये पाय आडवा टाकावा लागतो. उंच टाचेवर आडवा पाय पडला, की घोटा मुरगळतो. बॅडमिंटनच्या बुटाचा तळ पातळ, रुंद आणि गम रबराचा असतो. तो जमीन धरतो आणि कडेने आधार देतो. बूट संध्याकाळी घ्या, कारण तेव्हा पाय किंचित फुगलेले असतात, आणि खेळताना घालणार तेच मोजे घालून घ्या. तळ झिजून गुळगुळीत झाला, की वरून बूट नवा दिसत असला तरी बदला.

रॅकेटच्या बाबतीत माळ्यावरची जुनी काढू नका. त्या काळच्या पोलादी दांड्याच्या रॅकेटचे वजन बहुधा शंभर ग्रॅमच्या पुढे असे. आजच्या ग्रॅफाइटच्या रॅकेटी त्याहून पुष्कळ हलक्या असतात. दांड्याजवळ ४यू लिहिलेले असेल तर वजन ८० ते ८४ ग्रॅम, ३यू असेल तर ८५ ते ८९ ग्रॅम. परतणाऱ्यासाठी ४यू, दांडा लवचीक आणि तोल समतोल किंवा मुठीकडे झुकणारा अशी मध्यम किमतीची रॅकेट उत्तम. डोक्याकडे जड रॅकेट स्मॅशला बरी, पण खांद्याला महाग पडते. मूठ पकडल्यावर बोटांची टोके आणि तळवा यांत एका बोटाची फट राहील इतकी जाडी असावी.

गटिंग करताना दुकानदाराला वीस ते बावीस पौंड सांगा. अव्वल खेळाडू अठ्ठावीस-तीस पौंडांवर गट ताणतात हे ऐकून बरेचजण तसेच करून घेतात. ताण जितका जास्त, तितका शटल नेमके मध्यभागी बसण्याचा पट्टा लहान आणि चुकलेल्या फटक्याचा दणका कोपराला मोठा. टेनिस एल्बो म्हणून जे दुखणे आपण ओळखतो, ते घट्ट मूठ, उशिरा लागलेला बॅकहँड आणि जास्त ताणलेले गट या तिघांच्या संगनमताने येते.

पिसांचे शटल सोळा पिसांचे, पाच ग्रॅमच्या आसपास वजनाचे आणि फार नाजूक. शिकताना नायलॉनचे घ्यावे. त्याच्या बुचावरील पट्टीचा रंग वेग सांगतो : हिरवा मंद, निळा मध्यम, लाल जलद. थंडीत हवा दाट असते आणि शटल कमी पल्ला गाठते. मग ते मागच्या रेषेपर्यंत पोचवायला माणूस खांद्याचा सारा जोर लावतो. थंडीत वेगाचे शटल घेतले, तर खांदा वाचतो. शेवटची वस्तू म्हणजे डोळ्यांसाठी पॉलीकार्बोनेटचा खेळाचा चष्मा. शटलचे बूच डोळ्याच्या खोबणीत नेमके बसते आणि जवळून मारलेल्या स्मॅशने डोळा कायमचा जाऊ शकतो. काचेचा चष्मा घालून खेळणे त्याहून वाईट. आणि डबल्समध्ये नेटजवळ उभे असताना आपला जोडीदार काय मारतो आहे, हे मान वळवून पाहू नये.

या वयात शिकवणी?

सगळ्यात जास्त विरोध होतो तो इथे. ‘आम्हाला काय ऑलिंपिकला जायचे आहे?’ हा प्रश्न ठरलेला. मुलाच्या वयाच्या प्रशिक्षकाला ‘सर’ म्हणायला जीभ अडखळते आणि दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभे राहायची लाज वाटते. मला हा संकोच समजतो, पण पटत नाही. मोटार चालवायला शिकताना आपण शिकवणाऱ्याचे वय विचारत नाही. आणि शिकवणीचा उपयोग जिंकण्यापेक्षा न मोडण्यासाठीच अधिक आहे.

चांगला प्रशिक्षक महिनाभरात तीन गोष्टी सुधारतो. पहिली पकड. मूठ सैल ठेवून फटक्याच्या क्षणीच आवळायची, आणि बॅकहँडला अंगठ्याचा आधार द्यायचा. दुसरी पायांची चाल. समोरच्याच्या फटक्याच्या वेळी जागच्या जागी हलकेच उसळून तयार राहायचे, पुढे झेपावताना टाच आधी टेकवायची, पाऊल आणि गुडघा एकाच दिशेला ठेवायचा, आणि लहान पावलांनी परत मध्ये यायचे. तिसरी डोक्यावरचा फटका. नुसत्या खांद्याने न ओढता अंग आडवे करून कमरेपासून वळत मारायचा. जुन्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणांना हे कुणी कधी शिकवलेलेच नसते. तरुणपणी शरीर चुका पोटात घालते, पन्नाशीनंतर ते त्याचा हिशेब मागते.

नियमांतही परतणारा नवशिकाच असतो. आपण शिकलो तेव्हा गेम पंधराचा होता आणि सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळे. २००६मध्ये एकवीस गुणांची पद्धत आली आणि प्रत्येक रॅलीला गुण मिळू लागला. डबल्समधली दुसऱ्या जोडीदाराची ‘सेकंड सर्व्हिस’ही त्यात गेली. प्रत्येक रॅली मोलाची झाल्याने प्रत्येक शटलमागे जीव टाकण्याचा मोह वाढतो. पण याच नियमांनी अकरा गुणांवर एक मिनिटाची आणि दोन गेममध्ये दोन मिनिटांची विश्रांतीही दिली आहे. क्लबातल्या खेळात ती कुणी घेत नाही. तुम्ही ती हक्काने घ्या, बसा आणि पाण्याचे घोट घ्या.

भगिनींसाठी चार शब्द

शाळेत खेळलेल्या आणि लग्नानंतर रॅकेट सुटलेल्या स्त्रिया आता मोठ्या संख्येने कोर्टावर येऊ लागल्या आहेत, ही आनंदाची बाब आहे. २०१२मध्ये साईना नेहवालने लंडनला आणि २०१६मध्ये सिंधूने रिओला पदक मिळवले, त्याचा यात वाटा असावा. रजोनिवृत्तीनंतर हाडे झपाट्याने विरळ होतात. पायांवर भार देणारा व्यायाम त्यावर हितकारक असतो, पण पडणे टाळणे तितकेच महत्त्वाचे. म्हणून तोल सांभाळण्याचे व्यायाम चुकवू नयेत. दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. उडी मारताना, झेपावताना लघवीचे थेंब येणे हा त्रास बाळंतपणे झालेल्या अनेक स्त्रियांना होतो आणि केवळ त्या लाजेने खेळ सोडला जातो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून-सोडण्याचा व्यायाम रोज तीन महिने नेटाने केला, तर बहुतेकींना चांगला फरक पडतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना मोकळेपणाने विचारावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

क्लबांचीही जबाबदारी

सगळा भार खेळणाऱ्यावर टाकून चालणार नाही. आपल्या जिल्ह्यांच्या गावांतील हॉलचे वेळापत्रक पाहा. सकाळ-संध्याकाळचे चांगले तास मुलांच्या शिबिरांना आणि जुन्या सभासदांच्या ठरलेल्या चौकडींना दिलेले असतात. पन्नाशीतला माणूस वर्गणी भरतो आणि त्याला पहिल्याच दिवशी ‘एक भिडू कमी आहे, या’ म्हणून चौकडीत ओढले जाते. ही माया नव्हे. प्रत्येक क्लबाने आठवड्यातून तीन दिवस एक तास प्रौढ नवशिक्यांसाठी आणि परतणाऱ्यांसाठी राखावा, तिथे प्रशिक्षक असावा आणि पहिला महिना कुणाचाही गेम लावू नये. ‘मोठी माणसे शिकवणीला येत नाहीत’ असे पदाधिकारी सांगतात. पण त्यांच्यासाठी वेगळा तास ठेवला आहे कुठे? तो ठेवा, मग येतात की नाही ते पाहू.

दुसरे म्हणजे जमीन. सिमेंटवर किंवा फरशीवर रोज उड्या मारणे गुडघ्यांना परवडणारे नाही. लाकडी जमीन शक्य नसेल तर मॅट तरी घालावी. तिसरे सर्वांत तातडीचे. हॉलमध्ये रोज हजर असणाऱ्या निदान दोघांना छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचे प्रशिक्षण दिलेले असावे. कोणी खेळता खेळता कोसळला, हलवून प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, असे दिसले तर पाणी पाजत, कांदा हुंगवत वेळ घालवू नये. एकाने १०८ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा या गतीने दाबत राहावे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. हृदयाला विजेचा धक्का देणारे स्वयंचलित यंत्र मोठ्या क्लबांनी घ्यावे. चषकांच्या कपाटाशेजारी त्याला जागा नक्की निघेल.

आणि खेळणाऱ्यांनो, छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, अकारण मळमळ यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबा. ‘गॅस झाला असेल, हा गेम संपवू’ असे म्हणू नका. अपुरा राहिलेला गेम उद्याही खेळता येतो.

आज तपासणी करून घेतली आणि उद्यापासून चालायला लागलात, तर सहा आठवड्यांनी शटल मारायची सवय झालेली असेल आणि थंडी सरण्यापूर्वी तुम्ही पहिला गेम खेळाल. कदाचित तो हराल. कॉलेजातल्या चषकांची आठवण सोबत्यांना जरूर सांगा, पण कोर्टाबाहेर चहा पिताना. पुढच्या दिवाळीनंतर, त्याच्या पुढच्या आणि साठी-सत्तरीच्या दिवाळीनंतरही तुम्ही त्याच कोर्टावर दिसावे, एवढीच या लेखामागची इच्छा आहे.